पंधरा शिलिंगांचा रेडिओ

ड्यूटीरूममध्ये पगाराचा विषय निघाला की कोणी तरी बीबीसीचं नाव काढायचंच. 'तिकडे पौंडात मिळतात, बाबा!' उद्‌घोषक म्हणून काढलेली सगळी वर्षं मी हे ऐकलं. निवृत्तीनंतर मात्र एका दुपारी पेन्सिल घेऊन हिशेबालाच बसलो.

मुंबई केंद्र सुरू झालं २३ जुलै १९२७ ला. ते चालवायची एक खासगी कंपनी, इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी. लायसन वर्षाला १० रुपये, त्यातले ८ कंपनीचे. त्याच वर्षी रुपयाचा भाव १ शिलिंग ६ पेन्स ठरला, म्हणजे आपला श्रोता १५ शिलिंग मोजत होता. इंग्लंडात लायसन होतं १० शिलिंगांचं! गरिबाचा रेडिओ दीडपट महाग. पण तिकडे लायसनं वीस लाखांवर, इकडे तीन वर्षांत दहा हजारसुद्धा नाहीत. पुरती दहा हजार धरली तरी कंपनीच्या हाती ८० हजार रुपये, आणि त्यात मुंबई-कलकत्ता दोन्ही केंद्रं चालवायची. गवयाला काय देणार, कपाळ? १९३० मध्ये कंपनीच बुडाली.

आता लंडन. १९४१ मध्ये जॉर्ज ऑर्वेल बीबीसीच्या पौर्वात्य विभागात लागला, वर्षाला ६४० पौंडांवर. त्याच भावाने महिन्याला साधारण ७११ रुपये झाले. त्याने इंग्रजीत लिहिलेली बातमीपत्रं भाषांतरित होऊन मराठीतही जात. कोल्हापूरकडच्या वेणू चितळे त्याच्याच विभागात होत्या. ऐकणारे इथले, पैसा तिथला. दर अर्थातच तिथला.

आणि आमच्याकडे? आकाशवाणीत वादक, गायक, नाट्यलेखक हे 'स्टाफ आर्टिस्ट'. नेमणूक कराराची, पेन्शन नाही, आणि मिळतं त्याला पगार म्हणायचं नाही. ती 'फी'. (फी डॉक्टरची असते, वकिलाची असते; रोज सकाळी मस्टरवर सही करणाऱ्याची कशी, हे मला आजवर उमगलेलं नाही.) त्यांना सरकारी नोकर मानायला १९८२ उजाडलं.

हा हिशेब मी आमच्या जुन्या सारंगीवाल्या खाँसाहेबांना वाचून दाखवला. ७११ चं त्यांना काही वाटलं नाही. ऑर्वेलने दोन वर्षांत कंटाळून ती नोकरी सोडली, हे ऐकल्यावर मात्र ते सावरून बसले.

"सोडली? आपणहून?"