नक्को

इतिहासाच्या तासाला महंमद तुघलक आला की आमची पंचाईत होते. मुले विचारतात, ‘सर, वो सच्ची पागल था क्या?’ मराठीत ‘वेडा महंमद’ आणि ‘तुघलकी कारभार’ हे शब्द इतके रुळले आहेत की मुलांचाही दोष नाही. यंदा आम्ही ठरवले, उत्तर वर्गात द्यायचे नाही. त्यांना घेऊन दौलताबाद गाठले.

खंदक, तासून उभा केलेला कातळ, वटवाघळांच्या वासाने भरलेली अंधारी ओलांडून बारादरीपर्यंत चढलो. दम खाताना मुलांना विचारले, दक्षिणेपर्यंत पसरलेले राज्य दिल्लीत बसून कसे सांभाळणार? म्हणून 1327 मध्ये यादवांची देवगिरी राजधानी झाली. दिल्लीत कुत्रे-मांजर उरले नाही, असे बरनी लिहितो. पण 1327 आणि 1328 चे दिल्ली परिसरातले संस्कृत शिलालेख तिथले जीवन चालू असल्याची साक्ष देतात. हलवले गेले ते मुख्यतः दरबारी, उलेमा, सूफी. त्यांचे हाल झालेच. सक्तीची वकिली आम्ही करणार नाही. काही वर्षांत परतीची मुभा मिळाली, बेत फसला.

मात्र सगळे परतले नाहीत. हजरत बुऱ्हाणुद्दीन गरीब आणि शायर अमीर हसन सिज्जी जवळच खुल्दाबादेत विसावले आहेत. 1347 मध्ये बहमनी राज्य इथेच उभे राहिले. दिल्लीची बोली मराठीच्या शेजारी नांदू लागली आणि दखनी घडत गेली. आमची मुले घरी ‘वोइच’, ‘मैंच’ म्हणतात, त्यातला ‘च’ मराठीचा. शाळेत आम्हीच त्यांना त्यावरून टोकतो, हेही कबूल करायला हवे!

देवाणघेवाण बोलीपुरती राहिली नाही. सोळाव्या शतकात नाथांचे गुरू जनार्दनस्वामी याच गडाचे किल्लेदार होते. त्यांचे गुरू चांद बोधले, असे परंपरा मानते. श्रीगोंद्याचे शेख महंमद हेही बोधल्यांचेच शिष्य. क्रमिक पुस्तकात यातले किती येते?

उतरताना पायथ्याशी सीताफळवाल्या मावशींनी पाटी पुढे केली. एक मुलगा म्हणाला, ‘नक्को मौसी, पैसे नै.’

आम्ही त्याला थांबवले. ‘नक्को कौनसी जबान का लफ्ज है?’

‘हमारी जबान का, सर.’

मावशी हसल्या. ‘आरं, त्यो तर आमचा हाय!’ आणि एक सीताफळ त्याच्या हातावर ठेवले.