मिटलेल्या एक्समधली जागी जनुके

१९४९ साली कॅनडातल्या ऑन्टॅरिओ प्रांतात मरे बार आणि त्यांचा विद्यार्थी इवार्ट बर्ट्रम मांजरांच्या चेतापेशी सूक्ष्मदर्शकाखाली न्याहाळत होते. थकव्याने पेशीत काय फरक पडतो, एवढाच त्यांचा प्रश्न. पण काही मांजरांच्या पेशीकेंद्रकात एक गडद ठिपका दिसे, काहींच्या दिसत नसे. नोंदी ताडून पाहिल्या तेव्हा उलगडा झाला: ठिपका होता तो फक्त माद्यांमध्ये.

दहा वर्षांनी सुसुमु ओह्नो यांनी दाखवले की, हा ठिपका म्हणजे घट्ट गुंडाळलेले एक अख्खे एक्स गुणसूत्र आहे. १९६१मध्ये इंग्लंडमधल्या हार्वेलच्या मेरी लायन यांनी उंदरांच्या ठिपकेदार केसांवरून त्यामागचा नियम मांडला. मादीच्या प्रत्येक पेशीत दोनपैकी एक एक्स गर्भावस्थेतच मिटते. कोणते मिटणार, हे नशिबावर. पण त्या पेशीच्या पुढच्या सगळ्या पिढ्या तीच निवड पाळतात. गल्लीतली तिरंगी मांजर जवळजवळ नेहमी मादी असते ती यामुळेच.

नियम सुटसुटीत होता, पण एक गोष्ट त्यात बसेना. टर्नर सिंड्रोम असलेल्या मुलींमध्ये एकच एक्स असते, हे १९५९मध्येच कळले होते. दुसरे एक्स तसेही मिटणारच असेल, तर त्याच्यावाचून या मुलींची उंची का खुंटावी, बीजकोश का वाढू नयेत?

म्हणजे मिटलेल्या एक्सवरही काहीतरी जागे असणार. माणसातला त्याचा पुरावा १९७९मध्ये हाती आला. स्टेरॉइड सल्फटेज या विकराच्या अभावी त्वचा खवल्यांसारखी होते. एक्सवरच्या या दोषाच्या वाहक स्त्रियांच्या त्वचापेशींतून एकेका पेशीपासून स्वतंत्र वसाहती वाढवल्या. लायन यांच्या नियमाप्रमाणे त्यांतल्या काही वसाहतींत विकर नसायला हवे होते. निघाले मात्र सगळ्यांत.

२००५मध्ये लॉरा कॅरेल आणि हंटिंग्टन विलार्ड यांनी मोजदाद केली. सुमारे १५ टक्के जनुके मिटण्यातून निसटतात, आणखी सुमारे १० टक्के कुणात निसटतात, कुणात नाही. २०१७मध्ये फुप्फुसासह २९ ऊतींचा धांडोळा घेतला गेला, तेव्हा निसटणारी जनुके किमान २३ टक्के भरली.

फुप्फुसात हा हिशेब जिवावरचा ठरू शकतो. विषाणूची चाहूल घेणारे टीएलआर७ हे जनुक एक्सवर असते आणि स्त्रियांच्या काही रोगप्रतिकारक पेशींत ते दोन्ही प्रतींवरून चालते. पुरुषाजवळ एकच प्रत. २०२०मध्ये नेदरलँड्समधल्या दोन कुटुंबांतल्या चार तरुण पुरुषांना कोविडने अतिदक्षता विभागात पोहोचवले. चौघांचेही टीएलआर७ बिघडलेले होते.

फुप्फुसावरच्या प्रयोगांत मात्र कित्येक दशके ए५४९ नावाच्या पेशी राबल्या. त्या १९७२ साली एका ५८ वर्षांच्या पुरुषाच्या कर्करोगाच्या गाठीतून काढलेल्या होत्या. स्त्रीच्या मिटलेल्या एक्सचा प्रश्न त्यांना विचारण्याची सोयच नव्हती.