स्थूलताशस्त्रक्रिया : पूर्वतयारी आणि शस्त्रक्रियोत्तर स्वास्थ्य

स्थूलताशस्त्रक्रिया : अतिस्थूल व्यक्तीच्या जठराचा आकार कमी करून, किंवा त्याबरोबरच लघ्वांत्रातून जाणारा अन्नाचा मार्ग वळवून, भूक, आहार आणि पचन यांवर दीर्घकाळ टिकणारा परिणाम घडवून आणणाऱ्या शस्त्रक्रियांचा वर्ग. रुग्णालयांत ती ‘बॅरिअॅट्रिक सर्जरी’ या नावाने ओळखली जाते. प्रत्यक्ष शस्त्रक्रिया बहुधा एक ते तीन तासांत आटोपते. परंतु तिच्या आधीचे काही आठवडे आणि नंतरचे वर्ष-दीड वर्ष या काळात रुग्णाने, त्याच्या घरच्यांनी आणि वैद्यांनी जी तजवीज केलेली असते तिच्यावर तिचे यश फार मोठ्या प्रमाणात अवलंबून असल्यामुळे, प्रस्तुत नोंदीत तंत्राचा तपशील आवश्यक तेवढाच देऊन या तजविजीचा विचार मुख्यतः केला आहे.

जठरव्रणासाठी जठराचा काही भाग काढून टाकलेल्या रुग्णांचे वजन उतरते, हे निरीक्षण ध्यानी घेऊन अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाचे शल्यविशारद एडवर्ड मेसन यांनी १९६६ मध्ये ‘गॅस्ट्रिक बायपास’ ही शस्त्रक्रिया स्थूलतेसाठी योजली. तत्पूर्वी, १९५० च्या दशकात, लघ्वांत्राचा बराचसा भाग वगळण्याची पद्धत सुरू झाली होती. पण यकृताचा बिघाड, मूतखडे आणि कुपोषण यांमुळे ती पुढे सोडून द्यावी लागली. १९९४ मध्ये बायपास दुर्बिणीच्या साहाय्याने, पोटावर लहान छिद्रे पाडून करता येतो असे दिसून आल्यावर या शस्त्रक्रियेतील वेदना आणि रुग्णालयातील मुक्काम हे दोन्ही पुष्कळ कमी झाले. आज प्रचारात असलेल्या दोन प्रमुख पद्धतींपैकी ‘स्लीव्ह’ या पद्धतीत जठराचा सुमारे पाऊण भाग काढून टाकतात, व त्याबरोबर भूक चेतवणारे घ्रेलिन हे संप्रेरक जेथे मुख्यतः निर्माण होते तो भागही जातो. बायपासमध्ये सुमारे ३० मिलिलिटर मावेल एवढी जठराची पिशवी करून ती लघ्वांत्राला थेट जोडतात. वर्ष-दीड वर्षात मूळ वजनाचा साधारणपणे पाव ते एकतृतीयांश हिस्सा उतरतो. स्वीडनमध्ये १९८७ पासून चाललेल्या दीर्घ अभ्यासाचे २००७ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष असे होते की, शस्त्रक्रिया झालेल्या गटातील मृत्यूचे प्रमाण नेहमीचे उपचार घेणाऱ्या स्थूल रुग्णांपेक्षा कमी राहिले.

पात्रता ठरविताना वजनाच्या किलोग्रॅमला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणारा बीएमआय हा अंक पाहतात. भारतीयांच्या शरीरात कमी वजनावरही पोटाभोवती मेद साठून मधुमेह जडत असल्यामुळे येथील वैद्यांनी ३७.५, आणि सहव्याधी असल्यास ३२.५, ही मर्यादा दीर्घकाळ मानली. २०२२ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी आशियाई लोकांसाठी ती २७.५ पर्यंत खाली आणली आहे. आरोग्यविम्याच्या प्रमाणित अटी मात्र अद्याप ४०, आणि हृदयरोग, तीव्र निद्राश्वासरोध किंवा आटोक्यात न येणारा मधुमेह यांसारखी गंभीर सहव्याधी असल्यास ३५, असा आकडा मागतात. वैद्याने शस्त्रक्रियेस योग्य ठरविलेल्या रुग्णाचा दावा विमा कंपनीच्या दप्तरी नामंजूर होऊ शकतो तो या तफावतीमुळे. म्हणून पूर्वमंजुरीचा अर्ज, पूर्वीच्या उपचारांची कागदपत्रे आणि पॉलिसीतील प्रतीक्षेची मुदत यांची छाननी तारीख मुक्रर करण्याआधीच व्हावी, हे उत्तम.

पूर्वतयारी : रक्तशर्करेचा तीन महिन्यांचा सरासरी अंदाज, थायरॉइड, लोह, ब१२ व ड ही जीवनसत्त्वे, हृदयाचा आलेख, पित्ताशयाची सोनोग्राफी आणि बहुधा जठराची दुर्बिणीतून पाहणी, एवढ्या तपासण्या सामान्यतः होतात. शाकाहारी घरांतून आलेल्या रुग्णांत ब१२ ची उणीव मुळातच वारंवार आढळते. ती शस्त्रक्रियेनंतर अधिकच बळावणारी असल्यामुळे आधीच भरून काढणे शहाणपणाचे. रात्री घोरणाऱ्या आणि दिवसा पेंगणाऱ्या रुग्णाची निद्राचाचणी करून, श्वासरोध आढळल्यास हवेच्या दाबाचे यंत्र काही आठवडे आधी सुरू करतात व ते यंत्र रुग्णालयात सोबत न्यावयास सांगतात. तंबाखू निदान सहा आठवडे आधी सुटलेली असावी, कारण निकोटिनमुळे जखमा भरण्यास विलंब होतो आणि बायपासच्या सांध्यावर व्रण उठतात. येथे एक गोष्ट आग्रहाने नमूद केली पाहिजे. महाराष्ट्रातील पुष्कळ स्त्रिया मशेरी लावतात, पण ‘तंबाखू घेता काय?’ या प्रश्नाला प्रामाणिकपणे ‘नाही’ असे उत्तर देतात. मशेरीविषयी तिचे नाव घेऊनच विचारले पाहिजे.

शस्त्रक्रियेपूर्वी सुमारे दोन आठवडे दिला जाणारा, दिवसाला ८०० ते १२०० कॅलरींचा, पिष्टमय पदार्थ अत्यल्प असलेला आहार हा अनेकांना निष्कारण जाच वाटतो. त्याचे प्रयोजन असे की, स्थूल व्यक्तीचे यकृत मेदाने फुगलेले असते आणि त्याचा डावा खंड नेमका जठरावर पसरलेला असतो. या आहाराने यकृतातील ग्लायकोजेन, पाणी व मेद घटून ते आक्रसते, आणि शल्यविशारदाला जठराकडे जाणारी वाट मोकळी होते. हे कारण रुग्णाला नीट समजावून सांगितले तर तो पथ्य मनापासून पाळतो, केवळ छापील तक्ता हाती दिल्याने पाळत नाही. या काळात मधुमेहाच्या औषधांचे प्रमाण वैद्याच्या सल्ल्याने कमी करावे लागते, नाहीतर रक्तशर्करा एकाएकी उतरण्याचे भय असते. वजन उतरविण्याची नवी इंजेक्शने जठर रिकामे होण्यास विलंब लावीत असल्याने ती चालू असल्याचे भूलतज्ज्ञाला अवश्य कळवावे.

घरचा बंदोबस्त रुग्णालयात जाण्याआधीच झालेला असावा. पहिले काही आठवडे जमिनीवर बसणे-उठणे कष्टाचे होत असल्याने हातांची भक्कम खुर्ची, अंघोळीसाठी पाटाऐवजी उंच स्टूल, भारतीय पद्धतीच्या शौचकूपावर ठेवण्याची कमोडखुर्ची आणि पाठ उंच करून निजता येईल एवढ्या उशा यांची सोय करून ठेवावी. परकराची किंवा लेंग्याची नाडी नेमकी छिद्रांच्या जखमांवर आवळली जाते; म्हणून सैल गाऊन किंवा पुढून उघडणारा सदरा बरा. स्वास्थ्याच्या या साधनांना चैनीचे जिन्नस समजण्याची प्रवृत्ती घराघरांत दिसते, आणि ती प्रस्तुत लेखकाला हानिकारक वाटते. ज्याच्या वेदना सुसह्य आहेत तोच खोल श्वास घेतो, खोकतो आणि उठून चालतो, व जो चालतो त्याच्या पोटऱ्यांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका कमी होतो.

रुग्णालयातील दिवस : शुद्धीवर आल्यावर काही तासांतच रुग्णाला आधार देऊन चालवितात. फुफ्फुसे पुरती फुगावीत म्हणून तीन चेंडूंचे श्वसनयंत्र तासातासाने ओढावयास लावतात, आणि खोकताना पोटाशी उशी घट्ट धरण्यास शिकवितात. पहिल्या दोन-तीन दिवसांत खांद्यात उठणारी कळ पुष्कळांना घाबरवून सोडते. दुर्बिणीसाठी पोटात भरलेल्या कार्बन डायऑक्साइड वायूचा उरलेला अंश श्वासपटलाला क्षोभवितो, आणि श्वासपटलाचा मज्जातंतू मानेतून, म्हणजे खांद्याच्या त्वचेच्या मज्जातंतूंच्याच प्रदेशातून, निघत असल्यामुळे ती वेदना खांद्यात भासते. चालण्याने व उबदार शेकाने ती दिवसेंदिवस ओसरते. पाण्याचा आरंभ ३० मिलिलिटरच्या, म्हणजे दोन मोठ्या चमच्यांच्या, घोटांनी होतो. घटाघटा पिण्याची जन्माची सवय मोडण्यास भरलेल्या तांब्यापेक्षा लहानसे फुलपात्र जवळ ठेवणे अधिक उपयोगी पडते. बहुतेक रुग्ण दोन-तीन दिवसांत घरी जातात.

आहार : सुमारे दोन आठवडे केवळ द्रवपदार्थ, नंतरचे दोन आठवडे वाटलेले किंवा घोटलेले अन्न, मग मऊ अन्न, आणि सहा ते आठ आठवड्यांनी नेहमीचे, असा क्रम सर्वसाधारण आहे, मात्र त्या त्या शल्यविशारदाचा हुकूम अंतिम मानावा. मराठी स्वयंपाकघर या क्रमाला बरेचसे अनुकूल आहे. वरणाचे गाळलेले पाणी, मुगाचे कढण, आंबट न झालेले पातळ ताक, शहाळ्याचे पाणी, कोकणात आणि गोव्यात पेजेची निवळ, हे सारे आजारपणाच्या खाण्यात पूर्वापार आहेच. उणीव पडते ती प्रथिनांची. दिवसाला ६० ते ८० ग्रॅम प्रथिने पोटात जावयास हवीत, आणि निवळ किंवा कढण यांतून ती कधीच पुरी पडत नाहीत. त्यासाठी प्रथिनांची भुकटी, पुढे पाणी निथळलेला साधा चक्का, पनीर, अंडे, मऊ शिजवलेला काटे काढलेला मासा यांचा आधार घ्यावा लागतो. प्रत्येक वाटीत प्रथिनांचा पदार्थ प्रथम खावा. पोळी, मऊ भात आणि सुके मटण अनेकांच्या घशाखाली अडकल्यासारखे होते, म्हणून हे जिन्नस शेवटी येतात. जेवताना पाणी घेऊ नये. जेवणानंतर अर्धा तास थांबून मग घोट घोट प्यावे, व दिवसभरात दीड ते दोन लिटरचा हिशेब पुरा करावा. बायपास झालेल्या व्यक्तीने श्रीखंड, पुरणपोळी किंवा उसाचा रस घेतल्यास अर्ध्या तासाच्या आत धडधड, घाम, पोटात मुरडा व जुलाब होऊ शकतात, कारण दाट साखर लघ्वांत्रात एकदम उतरते.

आपल्याकडील दोन चालींचा येथे स्पष्ट निर्देश केला पाहिजे. पहिली उपवासाची. साबुदाणा, बटाटा आणि वरी यांवर काढलेली एकादशी प्रथिनांच्या दृष्टीने जवळजवळ रिकामी जाते, आणि हरतालिकेसारखा निर्जळी उपवास तर पहिल्या काही महिन्यांत सरळसरळ धोक्याचा आहे, कारण शरीर तेव्हा पाण्याच्या तुटीच्या काठावरच असते. धर्मश्रद्धा बाळगणाऱ्या रुग्णाला ही ताकीद आदराने, पण निःसंदिग्धपणे द्यावी. दुसरी चाल पंगतीतील आग्रहाची. ‘एवढ्याने काय होतंय?’ असे म्हणून वाढलेला एक घास सहा आठवड्यांच्या जठराला वांती आणण्यास पुरेसा असतो. घरातील वडीलधाऱ्यांना रुग्णाच्या समक्ष आहारतज्ज्ञाकडून समजावून दिल्यास हा त्रास बहुतांशी टळतो. खाणे हेच ज्याचे सांत्वन होते त्याला या काळात एक प्रकारचे पोरकेपण जाणवते, चिडचिड होते, क्वचित पश्चात्तापही वाटतो. हा भाव खरा आहे, आणि त्याची दखल समुपदेशकाने घेतली पाहिजे.

धोक्याची चिन्हे : नाडी मिनिटाला १२० च्या वर टिकून राहणे, ताप, पोटातील वाढती वेदना, धाप, एकाच पोटरीला सूज, यांपैकी काहीही आढळल्यास घरगुती इलाजात वेळ न दवडता रुग्णालय गाठावे, कारण टाक्यांच्या रेषेतून होणारी गळती आणि फुफ्फुसात अडकलेली गुठळी या दोहोंत तासांना किंमत असते. वायूमुळे होणारी खांदेदुखी कमी कमी होत जाते, गळतीची वाढत जाते. वांत्या दोन-तीन दिवस थांबल्या नाहीत तर थायमिन हे जीवनसत्त्व संपून मेंदूला कायमची इजा होऊ शकते. अशा रुग्णाला ग्लुकोजचे सलाईन चढविण्यापूर्वी थायमिन दिले पाहिजे, ही गोष्ट गावातील दवाखान्यातही ठाऊक असणे अगत्याचे आहे. आयबुप्रोफेनच्या जातीच्या वेदनाशामकांनी व्रण होत असल्याने ती टाळून पॅरासिटामॉल वापरतात.

हलके काम दोन ते चार आठवड्यांत सुरू करता येते. भरलेली घागर, गॅसची टाकी किंवा लहान मूल यांसारखे ओझे मात्र सहा आठवडे उचलू नये. तिसऱ्या ते सहाव्या महिन्यांत केस भराभर गळतात आणि ही गळती, प्रथिने व लोह पुरेसे असल्यास, आपोआप थांबते. वजन झपाट्याने उतरताना पित्तखडे होऊ नयेत म्हणून पित्ताशय शाबूत असलेल्यांना सहा महिने अर्सोडिऑक्सिकोलिक आम्ल देतात. बहुविध जीवनसत्त्वे, ब१२, लोह, ड जीवनसत्त्व आणि दिवसाला १२०० ते १५०० मिलिग्रॅम कॅल्शियम यांचे सेवन आजन्म चालू ठेवावे लागते, व रक्ताची तपासणी पहिल्या वर्षी दर तीन ते सहा महिन्यांनी, त्यापुढे दरवर्षी करावी लागते. वजन उतरू लागताच स्त्रियांची प्रजननक्षमता बहुधा सुधारत असल्यामुळे आणि गर्भाला या काळात पोषण अपुरे पडण्याचा संभव असल्यामुळे, बारा ते अठरा महिने गर्भधारणा टाळण्याची तजवीज आधीच ठरवून ठेवतात. बायपासनंतर पोटातून घ्यावयाच्या गोळ्यांचे शोषण भरवशाचे राहत नसल्याने गर्भाशयात बसविण्याचे साधन अधिक पसंत केले जाते. पोट, दंड व मांड्या यांवर लोंबणारी सैल त्वचा व्यायामाने पूर्ववत होत नाही. ती काढण्याची शस्त्रक्रिया वजन काही महिने स्थिरावल्यानंतरच, म्हणजे सामान्यतः दीड वर्षाने, हाती घेतात.