कुंभवली : भाताच्या खाचरातून रातपाळीकडे

कुंभवलीतल्या पुरुषांच्या हृदयविकाराची गोष्ट त्यांच्या कामाच्या इतिहासात गुंतलेली आहे. बोईसरलगतचे हे गाव भातशेतीचे. लावणी-झोडणीत शरीराला आपसूक व्यायाम मिळे. 1969 साली तारापूरचे अणुवीज केंद्र सुरू झाले, मग परिसरात औद्योगिक वसाहत वाढली आणि घड्याळ पाळीचे झाले.

रातपाळीचा परिणाम सर्वांत दुर्लक्षित राहिला. झोपेत रक्तदाब खाली उतरतो. दर आठवड्याला पाळी बदलली की ही लय बिघडते. जागे राहण्यासाठी गेटजवळच्या टपरीवर चहा, बिडी, तंबाखूची पुडी आणि वडापाव. घरी खारवलेली मासळी होतीच, पण अंगमेहनत घटल्यावर मिठाचा आणि भाताचा हिशेब बदलायला हवा होता. तो बदलला नाही.

वैद्यकीय ज्ञान तोवर पुढे गेले होते. 1949 मध्ये मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेने रक्तदाब उतरतो, हे ब्रिटिश नियतकालिकात मांडले. 2004 च्या 52 देशांच्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासात दक्षिण आशियाई लोकांना पहिला झटका इतरांपेक्षा सुमारे 6 वर्षे आधी येतो, असे दिसले. म्हणूनच कामगाराची रक्तदाब, साखर व कोलेस्टेरॉलची तपासणी तिशीतच सुरू व्हावी. पुरुषांनी कंबर 90 सेंटिमीटरच्या आत ठेवावी.

राज्यात 2012 साली गुटख्यावर बंदी आली. तंबाखू मात्र विकली जातेच. छातीत दाब, डाव्या हातात कळ, घाम ही लक्षणे ‘गॅस’ समजून पाळी पूर्ण करण्याची सवय जीवघेणी ठरते. अशा वेळी लगेच 108 ला फोन करावा.