पट्टीवरचा धर्मादा

परवा मुलानं पुण्यात एका हॉटेलात जेवायला नेलं. बिलाच्या तळाशी ओळ होती : 'झाडांसाठी 5 रुपये'. "बाबा, बघा, किती नवीन कल्पना!" मी म्हटलं, नवीन कसली? हा तर आपला धर्मादा.

माझे वडील सेलूच्या मोंढ्यात एका अडतीवर मुनीम होते. शेतकऱ्याचा कापूस नाहीतर ज्वारी विकली की ते पट्टी करायचे. वर वजन आणि भाव, खाली कपातीची उतरंड : अडत, हमाली, तोलाई, आणि सगळ्यात शेवटी धर्मादा. रक्कम पैशांतली, पण लाल वहीत तिचं खातं वेगळं. त्यातून गोशाळेला कडबा जायचा आणि गुढीपाडव्याला मोंढ्याच्या तोंडाशी पाणपोई लागायची. वाळूवर तीन रांजण, त्यांना ओलं लाल फडकं, मृग लागेपर्यंत. पाणी वाढणारी मावशी रांजणाखालच्या त्या ओल्या वाळूत कोथिंबीर पेरायची. भर मे महिन्यात अख्ख्या मोंढ्यात हिरवं म्हणाल तर तेवढंच.

कायद्यालाही हा रिवाज ठाऊक आहे. महाराष्ट्र (पूर्वीचा मुंबई) सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, 1950 मधलं कलम 54 खास धर्माद्याचं. व्यापारी या पैशाचा मालक नाही, विश्वस्त. दरसाल हिशेब धर्मादाय आयुक्तांच्या कचेरीत द्यायचा. हाथरसच्या बिजली कॉटन मिल्सचा खटला तर सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. गिऱ्हाइकाकडून धर्मादा म्हणून घेतलेली रक्कम गिरणीचं उत्पन्नच नव्हे, असा 1978 साली निकाल लागला.

कागदावर हे ठीक. आमच्या मोंढ्यात मात्र पैसा पट्टीतून कापलेला आणि पाणपोईच्या पाटीवर नाव शेठजींचं. वडील पट्टी लिहिता लिहिता पुटपुटायचे, "ज्याचं पाणी त्यालाच पाजायचं, अन् पुण्य आपल्या खाती!" पण शेठजींसमोर कधी बोलले नाहीत. आम्हा सहा जणांचं पोट त्या अडतीवर होतं.

सेलू तालुक्यातच वालूरला चक्राकार पायऱ्यांची जुनी बारव आहे. गाळानं बुजत आली होती ती. अलीकडे गावकऱ्यांनी श्रमदान करून मोकळी केली. तिथं ना पट्टी, ना कपात. ज्यानं त्यानं आपलं घमेलं उचललं.

हॉटेलात मी गल्ल्यावरच्या पोराला विचारलं, "झाडं कुठं लावता रे?" तो "विचारून येतो" म्हणत आत गेला. मुलानं पैसे दिले, रिक्षा आली, आम्ही बसलो. पोरगा अजून आतच होता.