संगणक साक्षरता आणि वयाची मर्यादा : वारणा परिसराच्या संदर्भात एक मागोवा

राजर्षी शाहू महाराजांनी 1917 मध्ये कोल्हापूर संस्थानात सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा आदेश काढला, तो मुलांसाठी होता. पुढे प्रौढांसाठी मोहिमा आल्या. परंतु त्यांनीही वयाची रेषा आखलीच. 1978 चा राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम आणि 1988 चे राष्ट्रीय साक्षरता अभियान या दोहोंचा भर 15 ते 35 या वयोगटावर होता. संगणक आल्यावर या रेषेपलीकडील माणसाचे काय झाले, हे पाहण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

पन्हाळा तालुक्यातील वारणानगर हे तात्यासाहेब कोरे यांनी उभारलेल्या सहकाराचे केंद्र होय. 1998 मध्ये येथे ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प सुरू झाला व कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतील 70 गावे त्यात घेण्यात आली. केंद्र शासन, राज्य शासन व वारणेच्या सहकारी संस्था यांनी खर्चाचा भार उचलला. बाजारभाव, शेतीसल्ला, शिक्षण असे अनेक हेतू सांगितले गेले; प्रत्यक्षात गावातील केंद्राचा मुख्य उपयोग उसाच्या कामासाठीच झाला. ऊस किती टन भरला, बिल किती निघाले, खताचे किती वजा झाले, हे कळण्यासाठी कारखान्यापर्यंतचा हेलपाटा वाचला. ही सोय लहान नव्हती. मात्र कळफलक होता तो केंद्रचालकाच्या हाती. वयस्क शेतकरी विचारी, चालक सांगे. संगणक गावात आला, पण शेतकरी त्याच्यासमोर बसला नाही. पुढे काही गावांत संगणकाऐवजी मोबाईल संदेशाचा प्रयोग झाला, तेव्हा कुठे उत्पादकाला आपल्या उसाचे वजन स्वतः विचारता येऊ लागले.

शासकीय कार्यालयांत निराळेच घडले. कर्मचाऱ्यांना संगणक अर्हता सक्तीची झाली; 2001 पासूनच्या ‘एमएस-सीआयटी’ अभ्यासक्रमाचे वर्ग त्यामुळे तालुक्यातालुक्यांत भरू लागले. पन्नाशी पूर्ण केलेल्यांना मात्र सूट मिळाली. सूट देणाऱ्यांचा हेतू सौजन्याचा असावा. तिचा परिणाम असा की, ज्यांना कचेरीत वेतनासह शिकता आले असते, ते न शिकताच निवृत्त झाले.

2009 च्या ‘साक्षर भारत’ योजनेने अक्षरज्ञानासाठी वयाची वरची मर्यादा काढली. मुरबाड तालुक्यातील फांगणे येथे 2016 मध्ये साठीपुढील स्त्रियांसाठी ‘आजीबाईंची शाळा’ भरली, तिने तर वयाचा आक्षेपच निकालात काढला. तरीही 2017 च्या प्रधानमंत्री ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियानात वय पुन्हा 14 ते 60 असे ठरले, आणि तेही एका कुटुंबातून एकच व्यक्ती. अशा निवडीत घरातील आजोबांचा क्रमांक कितवा लागणार, हे सांगावयास नको.

याच काळात यंत्राकडे जाण्याची गरज मात्र वृद्धांनाच अधिक भासू लागली. निवृत्तिवेतनधारकांसाठी नोव्हेंबर 2014 मध्ये ‘जीवन प्रमाण’ ही डिजिटल हयातीच्या दाखल्याची सोय झाली. तिला बोटांचा ठसा लागे. आयुष्यभर श्रम केलेल्या बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात, आणि यंत्र त्या ओळखीलच असे नाही. 2021 मध्ये चेहऱ्यावरून ओळख पटविण्याची सोय आली. त्यासाठी स्मार्टफोन हवा आणि तो चालविता यावयास हवा. घरोघरी तो धरून उभा राहतो तो नातू. वारणेच्या केंद्रातील चालकाची जागा आता त्याने घेतली आहे.