कुकरचे दोन पूर्वज

‘कुकर लावला का?’ या एका प्रश्नात मराठी घरातला अर्धा स्वयंपाक येतो. तळाशी दोन पेले पाणी, त्यात अ‍ॅल्युमिनियम काळं पडू नये म्हणून पिळून झालेली लिंबाची फोड. वर हिंग-हळद आणि तेलाचा थेंब घातलेली तुरीची डाळ, डाळीवर भाताचं भांडं, त्यावर झाकणीत दोन-चार बटाटे. या मांडणीचा माग काढत गेलं, की वाट दोन दिशांना फुटते.

पहिली जाते लंडनला. देनी पापँ हा फ्रेंच डॉक्टर तिथे रॉबर्ट बॉइलच्या प्रयोगशाळेत काम करत होता. 1679 मध्ये त्याने घट्ट झाकणाचं एक भांडं रॉयल सोसायटीपुढे ठेवलं. वाफ कोंडली की दाब वाढतो आणि पाणी शंभर अंशांच्या पुढे तापतं, हे त्यामागचं तत्त्व. त्याला हाडं शिजवायची होती. फेकून दिल्या जाणाऱ्या हाडांतून गरिबांना अन्न मिळावं, ही त्याची तळमळ. 1682 मध्ये सोसायटीच्या सदस्यांना त्याने याच भांड्यातलं जेवण वाढलं, आणि त्या पंगतीची नोंद जॉन एव्हलिनने रोजनिशीत करून ठेवली. भांडं फुटू नये म्हणून पापँने दांडीला वजन टांगलेली झडप बसवली होती. दाब वाढला की वजन उचललं जायचं आणि वाफ निसटायची. आपली शिट्टी त्याच तत्त्वावर वाजते.

दुसरी वाट बंगालची. इंदुमाधव मल्लिक या डॉक्टरांनी 1910 मध्ये इकमिक कुकर तयार केला. खाली कोळशाची शेगडी, वर पाण्याच्या नळकांड्यात एकावर एक डबे: एकात भात, एकात डाळ, एकात भाजी. दाब जवळपास नाहीच, नुसती वाफ. पण सगळं जेवण एकाच आचेवर, कोणी ढवळत न बसता तयार व्हायचं. आपण डब्यांची उतरंड रचतो ती पापँपेक्षा मल्लिकांच्या जवळची आहे, असं मला ठामपणे वाटतं. पापँच्या भांड्यात एकच पदार्थ शिजायचा. आपल्या कुकरात ताट शिजतं.

1959 मध्ये प्रेस्टीज आणि हॉकिन्स हे दोन्ही कुकर भारतात आले. एकाचं झाकण बाहेरून बसणारं, दुसऱ्याचं आत शिरणारं. आतलं झाकण वाफच वर दाबून धरते, त्यामुळे दाब उतरल्याशिवाय ते निघतच नाही. हॉकिन्सचा एक कारखाना आपल्या ठाण्यातच आहे. उघड्या पातेल्यात तासभर रटरटणारी डाळ पंधरा-वीस मिनिटांत मऊ होऊ लागली. रॉकेलच्या रांगेत उभं राहणाऱ्या घराला आणि सकाळची लोकल गाठणाऱ्या बाईला याचं मोल वेगळं सांगावं लागलं नाही.

पापँची झडप आजही दोन रूपांत आपल्या ओट्यावर आहे: शिट्टी, आणि शिट्टी तुंबली तर वितळून वाफ सोडणारा सेफ्टी व्हॉल्व्ह. तेव्हा शिट्टीखालच्या नळीत भाताचं शीत अडकलेलं नाही ना, हे कुकर लावण्याआधी उजेडासमोर धरून बघा. उडालेल्या व्हॉल्व्हच्या जागी स्क्रू-बोल्ट ठोकू नका, त्याच कंपनीचा नवा बसवा. आणि सैल पडलेली रिंग फ्रीजरमध्ये ठेवून चालवत राहण्यापेक्षा सरळ बदला.